हाताला बसणारा मग

नव्या वस्तूचा नमुना हातात यायला किती दिवस लागतात, हे सिल्वासाजवळच्या मसाटमधल्या कुठल्याही प्लॅस्टिकवाल्याला विचारा. तो दोन महिने सांगेल. मी मात्र आमच्या कारखान्याचे मालक किशोरभाई यांना सांगितलं, "मला एक थ्रीडी प्रिंटर घेऊन द्या. सोमवारी डोक्यात आलेली वस्तू मंगळवारी तुमच्या टेबलावर ठेवतो."

तोवर आमच्याकडे आधी पोलादाचा साचा कोरायचा, मग त्यात प्लॅस्टिक भरायचं, आणि झाकण बसत नाही हे त्यानंतर कळायचं, असा क्रम होता. प्रिंटर प्लॅस्टिकचे पातळ थर एकावर एक चढवून काही तासांत नमुना उभा करतो. बिघडला तर फेकायचा, दुसरा काढायचा. "चुका करायच्याच, पण साचा कोरायच्या आधी," असं मी मीटिंगमध्ये म्हणालो. किशोरभाईंना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते गुजरातीत दोनदा म्हणून पाहिलं. प्रिंटर आला.

पहिलंच काम मोठं होतं. नाशिकच्या तेजस्विनी गुप्ते मॅडम वयस्कर लोकांसाठी वस्तू विकतात. ज्यांच्या बोटांत जोर उरला नाही, त्यांना सहज उचलता येईल असा मग त्यांना हवा होता. काम मिळालं तर पॅकिंगमधल्या सहा हंगामी माणसांना कायम करू, असं किशोरभाईंनी सांगून टाकलं होतं. सहाही जण नंदुरबारकडचे, म्हणजे माझ्याच बाजूचे. त्यामुळे ते मला आता दिवसातून तीनदा नमस्कार करत.

मी गुळगुळीत, देखण्या मुठीचा मग छापला. मॅडम गुरुवारी अकराला येणार होत्या. दहाला पाहतो तर मग टेबलावर नाही.

तो कॅन्टीनमध्ये सापडला. आमच्या कॅन्टीनच्या बायडाबाई किलवणीच्या. त्यांचं स्वच्छतेचं वेड सगळ्या मसाटला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "पाहुण्यांना दाखवायचा ना? वास येत होता साहेब त्याला. म्हणून उकळत्या पाण्यात टाकला."

आम्ही ज्या प्लॅस्टिकने छापतो ते साठ अंशांतच मऊ पडतं. बायडाबाईंनी फडक्यात धरून मग बाहेर ओढला, तेव्हा त्यांची चार बोटं आणि अंगठा मुठीत रुतले. वरून त्यांनी तो गार पाण्याखाली धरला, त्यामुळे जे झालं ते पक्कं झालं.

"कच्चा आहे हो तुमचा माल," त्या म्हणाल्या.

दुसरा छापायला नऊ तास लागणार होते आणि मॅडमची गाडी फाटकात आली होती. नमुना उद्या पाठवतो, आज चित्र पाहा, असं सांगायचं मी ठरवलं. कॉम्प्युटरवर चित्र उघडलंसुद्धा. तेवढ्यात बायडाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. बिस्किटांच्या बशीशेजारी तो मग होता, चकचकीत पुसलेला.

मॅडमनी तो उचलला. फिरवून पाहिला. पुन्हा धरला.

"ही मूठ कुणी केली?"

मी बायडाबाईंकडे पाहिलं. त्या कप लावत होत्या.

"बोटांना खाचा, अंगठ्याला जागा," मॅडम म्हणाल्या. "सहा महिने मी हेच शोधतेय. कसं जमवलंत?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "हातांचा अभ्यास केला."

"किती हातांचा?"

"बऱ्याच."

"शे-दोनशे," किशोरभाईंनी आपल्या मनाने भर घातली.

मॅडम गेल्यावर मी मग धरून पाहिला. खाचा बोटांना टोचत होत्या आणि अंगठ्याला कुठे जावं ते कळत नव्हतं. पण माझा हात तिशीतला. दुखऱ्या हाताचं मला काय कळणार, अशी मी समजूत घातली. किशोरभाईंनी केबिनचं दार लावून तो धरून पाहिलेला मला काचेतून दिसला. त्यांनी दोनदा नकारार्थी मान हलवली. मग मला आत बोलावून म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास."

तोंडावर बोलला तो एकटा नथूदादा. तो आमच्या टूलरूममध्ये साचे कोरणारा जुना कारागीर, चोपड्याचा.

"मंगेशभाऊ, हात बसत नाही यात."

"म्हाताऱ्या माणसांसाठी आहे तो."

"मी अठ्ठावन्नचा आहे."

"बोटं दुखतात त्यांच्यासाठी."

"दुखतात ना."

वस्तू शरीराला बेतण्याच्या शास्त्राचं एर्गोनॉमिक्स हे नाव मी त्याला ऐकवलं. तो टूलरूमकडे निघून गेला. मलाही पुढे काही सांगावं लागलं नाही, ते बरं झालं.

शेजारच्या सायली गावात एकाकडून त्या मुठीचं स्कॅनिंग करून आकार कॉम्प्युटरवर घेतला. पोलादाच्या आधी थोड्या नगांसाठी ॲल्युमिनियमचा साचा करतात, तो लवकर होतो. नथूदादाने तो बारा दिवसांत कोरला आणि दोनशे मग निघाले. ते पाहून मॅडमनी सिल्वासातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात रविवारी सकाळी चाचणी ठेवली. किशोरभाई आणि मी होतोच, खोकी उचलायला नथूदादा आला, चहाला बायडाबाई आल्या.

सव्वीस आजी-आजोबा ओळीने बसले होते. प्रत्येकापुढे पाण्याने भरलेला मग. पहिले अरविंद गुरुजी. कोकणातून इथल्या शाळेत आलेले आणि इथेच निवृत्त झालेले. त्यांनी मग उचलला, तो मनगटात वळला आणि पाणी त्यांच्या धोतरावर गेलं.

"माझंच चुकलं," गुरुजी म्हणाले. "हात थरथरतो हल्ली."

शेजारच्या कुसुमताईंचं पाणी पदरावर सांडलं. "मग चांगला आहे हो," त्या मॅडमना म्हणाल्या, "माझीच बोटं गेली आता कामातून."

एकामागून एक तेच होत गेलं. कुणीही मगाला नावं ठेवली नाहीत. प्रत्येकजण आपल्या हाताकडे पाही, वयाला दोष देई आणि ओले कपडे झटकत आमचीच क्षमा मागे. आतापर्यंत मला नोकरीची काळजी होती. आता दुसरंच काहीतरी वाटायला लागलं.

तेवढ्यात बायडाबाईंनी फरशी पुसायला म्हणून एक भरलेला मग बाजूला उचलून ठेवला. थेंबही न सांडता. मग दुसरा. मग तिसरा.

"तुला कसं जमतं गं?" कुसुमताईंनी विचारलं.

"यात काय अवघड आहे?" त्यांनी मग वर धरून दाखवला.

कुसुमताई पुढे वाकल्या. "अगं, तू डाव्या हाताने धरतेयस."

"मी डावरीच आहे."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या वहीत काहीतरी लिहिता लिहिता थांबल्या होत्या. पेन त्यांच्या डाव्या हातात होतं.

मी उभा राहिलो. "मॅडम, अभ्यास वगैरे काही झाला नाही. एकच हात होता, यांचा. आणि तोसुद्धा उकळत्या पाण्यातून मग काढत होता." मग सगळी हकिगत सांगितली. ती संपेपर्यंत किशोरभाई छताच्या पंख्याकडे बघत होते.

"आणि हे कारखान्यात कुणालाच कळलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"मी बोललो होतो," खोक्यांपाशी उभा असलेला नथूदादा म्हणाला.

मॅडम आधी रागावल्या, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघून हसल्या. काम त्यांनी काढून घेतलं नाही. दोन्ही हातांना चालणारी मूठ करा म्हणाल्या, आणि जो अभ्यास केला म्हणालात तो या वेळी खरोखर करा.

तीन आठवडे मी मातीचे गोळे घेऊन त्या सव्वीस जणांच्या घरी गेलो. डाव्या आणि उजव्या, दोन्ही हातांचे ठसे घेतले. गुरुजींच्या घरी चार वेळा चहा झाला. ठसे कॉम्प्युटरवर चढवले, चौदा नमुने छापले, आणि हे मग मंडळात कुणाच्याही कपड्यांवर सांडले नाहीत. मॅडमनी पसंती दिली. पॅकिंगमधले सहाही जण कायम झाले. एवढ्या हातांतून शेवटी जी मूठ निघाली ती साधी होती. गोल, जाड, बाहेरून खरबरीत.

नथूदादाने ती हातात घेऊन दाबली. "ही तर सायकलच्या हॅन्डलची मूठ आहे."

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी कॅलिपर घेऊन सायकल स्टँडवर गेलो आणि एका हॅन्डलची मूठ मोजून आलो. जाडीत फरक अर्ध्या मिलिमीटरचा निघाला.