उजेड कोणता, ते आधी सांगा

आमच्या कॉलेजातले लॅब असिस्टंट मुरलीभाऊ टमाटरसुद्धा उन्हात नेल्याशिवाय घेत नाहीत. आंधळगावच्या बाजारात भाजीवाली ताडपत्रीखाली बसलेली असते. हे दोन टमाटर उचलून चार पावलं उन्हात जातात, फिरवून बघतात आणि मगच पिशवी उघडतात. एकदा ती चिडली, "काहून जी, माझे टमाटर चोरीचे हायेत का?"

"टमाटर इमानदार हायेत बाई," भाऊ म्हणाले. "ताडपत्री निळी हाये."

या अविश्वासाचं मूळ आमच्या लॅबच्या कपाटात आहे. निओडिमियम नायट्रेट. नाव भारदस्त, पण हे रासायनिक मीठ दिसायला खडीसाखरेवर फिकट जांभळा रंग सांडावा तसं. धातू दुर्मिळ गटातला, म्हणून मी ते कुलपात ठेवतो. किल्ली भाऊंकडे असते.

अकरावीची नवी पोरं आली की माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत भाऊ ती बाटली काढतात. खिडकीत धरली की जांभळी, ट्यूबलाइटखाली धरली की निळी. पोरं आ वासून बघतात. "मीठ तेच, बाटली तेच. बोला, रंग कोनता?" कुणी तोंड उघडलं की भाऊंचं बोट वर जातं, "उजेड कोनता हाये, ते आधी सांगा!"

पुढचं तरी मी शिकवावं ना? हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून बूच घट्ट हवं. स्वतः जळत नाही पण आगीला जोर देतं, म्हणून कागद-भुशाजवळ नको. काच रंगवायला, लेसरची काच करायला यातला धातू लागतो. तेही भाऊच सांगून टाकतात. मी हजेरी घेतो.

माझ्या बायकोच्या नव्या साडीवरही त्यांनी तोच प्रश्न टाकला होता. ती बदलायला मला मोहाडीच्या दुकानात परत जावं लागलं. तो राग अजून माझ्या मनात आहे.

यंदा कॉलेजात एलईडी लागले आणि बाटली पूर्वीसारखी निळी होईना. मला वाटलं, भाऊ खचणार. ते आले ते वेगळंच घेऊन. "सर, काढलेल्या दोन ट्यूबा मले भेटतीन का?"

"बाटलीसाठी?"

"नाई. घरची उडून राहिली."

भंगाराची यादी झाली होती, मी नाही म्हटलं. वीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मलाच लाज वाटली. प्राचार्यांची परवानगी काढली आणि रविवारी दुपारी ट्यूबा घेऊन स्वतःच त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर कुतूहलही होतं.

भर दुपारी खिडक्या बंद आणि वर एक ट्यूब फडफडत होती. भाऊंच्या बायको, सुमनवहिनी, जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या हातमागावर एक कोसा रेशमाची साडी पसरलेली होती.

"लग्नाच्या सालची हाये," भाऊ म्हणाले. "विणता विणता तिचा धागा कमी पडला. मी दुकानातून आनला. ट्यूबलाइटखाली सारखाच दिसला जी."

मी जुनी ट्यूब काढली आणि अंधार झाला म्हणून खिडकी उघडली. ऊन साडीवर पडलं. पदराजवळ वीतभर पट्टा वेगळाच दिसत होता.

"व्यापाऱ्यानं परत केली. महिन्याभराची मेहनत तिची. मले एक शब्द बोलली नाई, स्वतःच नेसली. जलमभर नेसली." भाऊंनी पट्ट्यावरून हात फिरवला. "पोरीनं एलईडी लावून देला होता, सर. त्याच्यात बी पट्टा दिसते."

मी खिडकी लावून घेतली, स्टुलावर चढलो आणि आणलेली ट्यूब बसवली. दोनदा लुकलुकून ती पेटली. साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रंगाची झाली.

भाऊ बघत राहिले. उजेड कोणता, हे त्यांनी विचारलं नाही.