जीप भरल्याशिवाय

दर गुरुवारी बायको इस्त्रीची साडी नेसून दवाखान्यात जाते, ही गोष्ट शिंप्याला कपड्यात राहून गेलेल्या टाचणीसारखी टोचत होती. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. उलट गुरुवारी ती इतर दिवसांपेक्षा ठणठणीत दिसे. शिवाय खालच्या गावच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता. तरुण, देखणा आणि शेजारणीच्या शब्दांत 'बोलायला फार गोड'.

"तुला नक्की होतंय तरी काय?" शिलाई मशीनवरून मान न उचलता त्याने विचारले.

"मला कुठं काय होतंय?"

"मग दवाखाना कशाला?"

"अहो, जीप भरत नाही ना."

उत्तर खरे होते. गावातून जीप एकच जायची आणि आठ माणसे झाल्याशिवाय ड्रायव्हर किल्ली फिरवत नसे. ज्या आठवड्यात आजारी माणसे कमी पडत, त्या आठवड्यात खरा आजारीही घरीच कण्हत राही. म्हणून कमी पडतील तितक्या धडधाकट बायकांनी जीपमध्ये बसायचे, असे बायकांनी आपसांत ठरवले होते. पण संशयाने पछाडलेल्या माणसाला सरळ उत्तराइतके लबाड दुसरे काही वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी शिंपी पोट धरून जीपमध्ये चढला.

"वा! आज लवकर भरली," ड्रायव्हर खूश झाला. "वहिनी, तुम्ही उतरलात तरी चालेल आता."

"आणि आजारी नवऱ्याला एकटं सोडू?" ती घाईने म्हणाली आणि जागेवरून तसूभरही हलली नाही. एरवी तो तापाने फणफणला तरी काढ्याचा पेला आपटून निघून जाणारी ही बाई! शिंप्याचे पोट आता खरोखरच दुखू लागले.

डॉक्टर खरेच देखणा होता. शिंपी त्याच्या नजरेवर नजर ठेवून होता.

"या कोण?" डॉक्टरने विचारले.

"माझी बायको. तुम्ही ओळखत नाही?"

"कधी पाहिल्याचं आठवत नाही. बाई, तुम्ही बाहेर बसा."

शिंप्याच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. डॉक्टरकडे येत नाही, तर मग ही दर गुरुवारी जाते कुठे?

"अहो, प्रेशर केवढं वाढलंय तुमचं!" दंडावरचा पट्टा सोडत डॉक्टर म्हणाला. "अर्धा तास शांत पडून राहा बघू."

डॉक्टरची पाठ वळताच शिंपी अनवाणीच बाहेर सटकला. बायको व्हरांड्यात नव्हती. नळापाशी नव्हती. शेवटी मागच्या खोलीत, पंख्याखालच्या बाकावर ती सापडली. एका अनोळखी म्हातारीच्या खांद्यावर डोके टाकून, तोंड किंचित उघडे ठेवून ती गाढ झोपली होती.

"हळू!" म्हातारीने दटावले. "दर खेपेला अशीच झोपते बिचारी. घरी जरा पाठ टेकली की नवऱ्याची हाक येते म्हणे. सुई ओवून दे, चहा टाक, काजं कर. शिंपी आहे मेला."

शिंपी बघत राहिला. दिवसाउजेडी झोपलेली बायको त्याने लग्नानंतर पाहिलीच नव्हती. डॉक्टरवरचा मत्सर विरला खरा, पण पुरता गेला नाही. डॉक्टरवरून सरकून तो मत्सर म्हातारीच्या खांद्यावर जाऊन बसला.

"आजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही उठा. तिथं मी बसतो."

"तुम्ही कोण तिचे?"

"नवरा."

"मग तर मुळीच नको," म्हातारी म्हणाली. "जागी होईल."