शेषगिरींच्या दुकानातली तंबाखूबंदी

सार्वजनिक आरोग्याची खरी तळमळ माणसाला बहुधा स्वतःच्या घरात कोणी खोकू लागल्यावरच लागते. कानडी मुलखातल्या राजाजीनगरातले किराणा दुकानदार शेषगिरी यांना ती १९६४ साली लागली. त्यांचे थोरले बंधू रघुपतीअण्णा रोज सकाळी असे खोकत की शेजारपाजारचे लोक त्यावर घड्याळ लावत. (घड्याळं मागे पडत, पण तो दोष खोकल्याचा नव्हता.) सिगरेट सुटली नाही तर पुढची संक्रांत अण्णांना फोटोतून पाहावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. वडिलांच्या मागे अण्णांनीच शेषगिरींना वाढवलं होतं.

सुदैवाने अण्णा तत्त्वाचे पक्के होते. भावाचं दुकान असताना परक्याच्या हातून सिगरेट घेणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं ते मानत. म्हणजे दुकानातली तंबाखू बंद झाली की अण्णांची आपोआप बंद. शेषगिरींनी पाटी लावली: 'लोकांच्या आरोग्यासाठी येथे तंबाखूचा कोणताही प्रकार मिळणार नाही.' (लोकांच्या आरोग्यासाठी म्हटलं की घरचा माणूस रुसत नाही.)

कौतुक फार झालं. मराठी मंडळींनी शाल-नारळ देऊन सत्कार केला. नारळ शेषगिरींच्याच दुकानातला होता.

दुसऱ्या दिवशी घराण्याचे पुरोहित भीमाचार्य आले. "उत्तम केलंस. तंबाखू म्हणजे विष. आता स्वल्प तपकीर दे."

"आचार्य, तपकीर तंबाखूचीच की!"

"असं कसं? तंबाखू तोंडात जाते. ही नाकात जाते."

पाठोपाठ पद्मावतीअक्का आल्या. जेवणानंतरच्या विड्यात त्यांना चिमूटभर होगेसोप्पू, म्हणजे तंबाखूचं पान, लागे. "मी विडा खाते रे. आत काय काय असतं ते कोण बघतं?"

तेव्हा तंबाखू म्हणजे नेमकं काय, हे ठरवण्यासाठी दुकानाच्या बाकावर समिती बसली. भीमाचार्य, पद्मावतीअक्का आणि सरकारी कारखान्यातले पुण्याचे इंजिनिअर उमाकांत. ते फिल्टरची सिगरेट ओढत. "टेक्निकली बघा, फिल्टर म्हणजे गाळणी. टोबॅको गाळणीत अडकते. माणूस ओढतो ती फक्त हवा." प्रत्येक सदस्य स्वतःच्या विषयापुरता तटस्थ राहिला, त्यामुळे सगळे निर्णय एकमताने झाले. समितीच्या पाहणीनुसार दुकानात येणाऱ्या सभ्य गिऱ्हाइकांपैकी शून्य टक्के लोक तंबाखू वापरत होते.

बिडी मात्र निःसंशय तंबाखू ठरली. ती ओढणारं समितीत कोणी नव्हतं. आनेकलहून बसने कामाला येणाऱ्या मालोजी गवंड्याने बिडी मागितली तेव्हा त्याला बाकावरूनच 'इल्ला', म्हणजे नाही, असं ऐकू आलं. तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि कामाला गेला. काही दिवस चिडचिडला, मग विसरला. सबंध भागात पाटी खरी मानणारे दोनच निघाले, एक तो आणि दुसरे अण्णा.

अण्णांनी खरंच सोडली होती. खोकला उतरला, घड्याळं बंद पडली. शेषगिरी इतके सुखावले की देवापुढे रोज उदबत्ती जास्त लावू लागले. (तिचा धूर समितीपुढे आला नव्हता.)

आणि एका संध्याकाळी दुकानात बसलेल्या अण्णांनी उमाकांतांना पाकीट घेताना पाहिलं.

"शेषू, हे काय?"

"फिल्टर, अण्णा. समितीनं पास केलंय."

"म्हणजे तंबाखू नव्हे?"

शेषगिरींनी बाकाकडे पाहिलं. तिघेही त्यांच्याकडेच पाहत होते, मोठ्या विश्वासाने. चारचौघांत एवढ्या प्रतिष्ठित माणसांना खोटं कसं पाडायचं? शेषगिरींचा जीव तुटत होता, पण ते सभ्य होते.

"नव्हे, अण्णा."

"मग दे की एक."

त्यांनी स्वतःच्या हाताने दिली.

पुढच्या संक्रांतीला शेषगिरींनी तिळगूळ फोटोपुढे ठेवला. शोकसभेत समितीने दोन मिनिटं मौन पाळलं आणि या दुःखात तंबाखूचा काही हात नसल्याचा ठराव केला.

पाटी अजून आहे, रंगही ताजा दिलाय. मालोजी हल्ली घमेलं घेऊन तिसऱ्या मजल्यावर धाप न लागता चढतो, पण तो समितीचा विषय नाही. आपलीही एखादी वस्तू असेलच, "ती काही तशी नव्हे" म्हणावी अशी. हो, आत्ता मनात आली तीच. संकोच न करता बाकावर यावं. सभ्य माणसाला आजवर नकार मिळालेला नाही.