मारुतरावांची बुटकी सीट

"सीट निवडायला अक्कल लागती!" मारुतराव दापोडीला इब्राहिमच्या दुकानात बसून सांगत होते. इब्राहिम टांग्याच्या गाद्या करणारा. गिऱ्हाइकाच्या अकलेत त्यानं कधी नाक खुपसलं नव्हतं. "व्हय राव," म्हणून तो मोकळा झाला.

मायदेशी निघालेल्या एका साहेबाची जुनी, उघडी, दोन माणसांची शर्यतीची मोटार मारुतरावांनी घेतली होती. एरवी ती गावात मिरवायची आणि मुंबईला शर्यत असली की तिथं पळवायची, असा बेत! पण त्याआधी सरपंचपद. सोमवारी चावडीवर सरपंच ठरणार होता आणि त्या पदासाठी मारुतराव नावडत्या माणसांच्या बारशालाही जाऊन घुगऱ्या खाऊन आले होते.

"शर्यतीत मानूस जितका खाली, तितकी गाडी पळती. माजी सीट पार तळाला बसीव. हिची बी तशीच."

"मी न्हाई हां!" शेजारी बसलेल्या त्यांच्या कारभारीण आक्काबाई फणकारल्या. "सासऱ्या-दिरांच्या म्होरनं पाय पसरून लोळत जाऊ व्हय? इब्राहिमभाई, मला टांग्यावानी उच्ची करा!"

टांग्याचं नाव निघताच इब्राहिमला हुरूप आला. त्यानं एकावर एक दोन गाद्या ठोकल्या.

रविवारी मारुतराव कातडी टोपी घालून प्रचाराला निघाले. सीटवर बसले आणि दिसेनासे झाले! त्यांना वर आभाळ दिसत होतं, समोर वेगाची-तेलाची घड्याळं दिसत होती. रस्ता मात्र नव्हता.

"अगं, रस्ता कुठं हाय?"

"म्होरंच हाय की! उजवीकडं घ्या... आता डावीकडं... ओ, म्हस!"

आक्काबाई हात उजवीकडे करत, डावीकडे करत. पारावरचे लोक उठून हात जोडत. "राम राम! राम राम!" तळाशी मारुतराव धन्य होत होते. प्रत्येक राम राम ते अदबीनं परत करत होते, पण इंजिनाच्या खडखडाटात तो गाडीबाहेर पोहोचतच नव्हता.

चाकणच्या वाटेवर कांद्याची बैलगाडी आडवी आली. आक्काबाई ताडकन उभ्या राहिल्या. "बाजूला घे रं गाडी!" गाडीवानानं बैलांसकट शेत गाठलं. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

सोमवारी चावडी भरली. म्हातारे कोंडाजी म्हणाले, "गावाचं एकमत झालंय." मारुतराव मिशीला पीळ देत पुढे झाले.

"राव, जरा सरा. वैनींस्नी म्होरं यिऊ द्या. जी बाई असली मोटार हाकती, ती गाव बी हाकील!"

"अवो, मोटार मी हाकत हुतो!"

"तुमी? मग आमाला दिसला कसं न्हाई?"

"दिसत्याल कसं?" आक्काबाई पदर सावरत म्हणाल्या. "त्यास्नीच रस्ता दिसत नव्हता. डावं-उजवं समदं मीच सांगत हुते."

चावडीनं टाळ्यांचा कडकडाट केला. एकच अडचण उरली, हार कुणी आणला नव्हता. मग मारुतरावांनी आपल्यासाठी गुपचूप आणलेला हार पिशवीतून काढून दिला.