रावसाहेबांची पहिलीच वेळ

"ही गाडी कुणाची आणलीत?" मुक्ताईने विचारलं, तेव्हा उत्तरेश्वर कोथिंबिरीच्या जुड्या उतरवत होता.

"कुणाची म्हणजे? आपली."

"आपल्या सीटला ठिगळ हाय. मी माझ्या हातानं शिवलंय. हिला कुठाय?"

उत्तरेश्वरने सीटकडे पाहिलं, मग नंबरप्लेटकडे, आणि तो पायरीवर खाली बसला. स्कूटर करडी होती, त्याच्या स्कूटरइतकीच जुनी होती, त्याच्याच किल्लीने सुरू झाली होती, आणि त्याची नव्हती.

दुसऱ्या कुणाच्या दारात हा प्रकार हसण्यावारी गेला असता. मंडईबाहेर स्कूटरींची रांग लागते, त्यातल्या निम्म्या करड्या, आणि झिजलेल्या किल्लीला जुनं कुलूप सहसा नाही म्हणत नाही. पण हे शेवटचं ज्ञान उत्तरेश्वरला इतरांपेक्षा जरा जास्त होतं. सोलापूरकडून पुण्यात नवा आला होता तेव्हा त्याने त्याच ज्ञानावर पोट भरलं होतं. पहिल्यांदा सापडला तेव्हा न्यायाधीशांनी त्याचं कोवळं वय पाहिलं आणि सहा महिने दिले. दुसऱ्यांदा त्यांनी पहिली शिक्षा पाहिली आणि दोन वर्षं दिली. येरवड्याहून सुटला त्या दिवशी त्याच्या वकील फरहत शेख यांनी त्याला बजावलं होतं, "आता तिसऱ्यांदा माझ्याकडे येऊ नका. कलम पंचाहत्तर लागतं. दहा वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेप."

तेव्हापासून तो सरळ होता. लग्न केलं, विश्रांतवाडीत दोन खोल्या घेतल्या. शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या आणि त्यातल्या एका कंपनीच्या कँटीनला भाजी पुरवायचं काम मिळालं. तिथली पोरं कोवळी कणसं कच्चीच खातात याचं त्याला नवल वाटे. पण रोज पहाटे मंडईत जाऊन तो ती आणत असे.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून त्याने फोन लावला.

"मॅडम, उत्तरेश्वर बोलतोय. तिसरी झाली."

"मुलगी?"

"स्कूटर."

मग त्याने सगळं सांगितलं.

"चुकून नेली तर ती चोरी होत नाही," फरहत म्हणाल्या. "चोरीला हेतू लागतो."

"मग भ्यायचं कारण न्हाई?"

"आहे ना. हेतू कोर्ट ठरवतं, आणि तुमचा दोनदा ठरवून झालाय. पोलिसांनी विचारायच्या आत जिथून घेतलीत तिथे नेऊन ठेवा. स्वतःची घ्या आणि घरी जा. वाटेत कुठलाही शहाणपणा नको."

मुक्ताई मागे बसली. एकट्याला ती सोडणार नव्हती. आयुष्यात इतक्या कायदेशीरपणे उत्तरेश्वरने कधी गाडी चालवली नसेल. पिवळा दिवा दिसला की तो थांबे, आणि हिरवा लागला तरी आणखी जरा थांबे. मागचे रिक्षावाले त्याच्या घराण्याचा उद्धार करत पुढे जात. एका चौकात वाहतूक पोलिसाने नुसती शिट्टी तोंडात धरली, तर हा गाडी बाजूला घेऊन उतरू लागला.

"बसा की वो," मुक्ताई दातओठ खात म्हणाली. "त्यानं आपल्याला न्हाई, बसला थांबवलंय."

मंडईत पोचल्यावर त्याने गाडी बरोबर त्याच जागी लावली आणि आपली शोधू लागला. रांग एकदा पाहिली, उलटी पाहिली. मग मुक्ताईने पाहिली. ठिगळ कुठेच नव्हतं.

"आपली गेली," ती म्हणाली.

"गेली म्हणजे?"

"चोरली कुणीतरी."

उत्तरेश्वर संतापाने लाल झाला. "भर दिवसा? कष्टाची वस्तू माणसाची! काय माणसं असतात एकेक! हातच तोडले पाहिजेत!"

मुक्ताईने फक्त त्याच्याकडे बघितलं. त्याचा आवाज खाली आला.

आता तक्रार करावी तर आधी सांगावं लागणार की ही दुसरी इथे कशी आली. न करावी तर उद्या कँटीनची भाजी डोक्यावरून न्यावी लागणार. तो विचार करायला त्याच परक्या स्कूटरवर टेकला, तोच मागून खांद्यावर हात पडला. हवालदार धुमाळ. याच चौकीचे. दोन्ही वेळा त्याला पकडणारे.

"बरा भेटलास. तुलाच विचारत मंडईभर फिरतोय. तुझी गाडी सापडली."

"सापडली? साहेब, तुमचे उपकार..."

"नंबर पाठ आहे ना मला तुझा. लक्ष्मी रस्त्यावर एक म्हातारबुवा चालवत होते, अडवले. म्हणतात, माझीच आहे." धुमाळांची नजर खाली गेली. "आणि तू बसलायस ती कुणाची?"

चौकीत सदाशिव पेठेतले रावसाहेब खांबेटे खुर्चीवर बसून चहा घेत होते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, पांढरीशुभ्र पँट, हातात मेथीची जुडी. उत्तरेश्वरला आपली स्कूटर ढकलत आणताना पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

"हाच का तो?"

"हाच," धुमाळ म्हणाले. "दोनदा आत जाऊन आलेला."

"तरीच. चेहराच सांगतोय. घ्या माझी तक्रार. अशांना सवलत दिली की सवय लागते. एकदा चुकला, समजू शकतो. दोनदा चुकला, शिक्षा. तिसऱ्यांदा मात्र बाहेरच सोडू नये!"

"पण आजोबा, माझी गाडी तुम्ही नेलीत," उत्तरेश्वर म्हणाला.

"मी चुकून नेली!"

"मी बी चुकूनच नेली."

"माझं चुकणं निराळं आणि तुमचं निराळं. मला आजवर कुणी चोर म्हटलेलं नाही."

"कुणी चोर म्हटलं न्हाई की न्हेलेलं चालतं व्हय?" मुक्ताईने दारातून विचारलं.

तिनेच मघाशी बाहेरून वकीलबाईंना फोन केला होता. दुपारच्या सुट्टीत फरहत शेख कोर्टातून काळ्या कोटातच आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी धुमाळांना विचारलं, "यांची तक्रार लिहून घेताय? मग माझ्या अशिलाचीही घ्या. तीच जागा, तीच वेळ, तसलीच किल्ली. दोघांवर गुन्हा नोंदवा."

"मॅडम, रावसाहेबांवर कसा नोंदवू? प्रतिष्ठित माणूस." धुमाळ घुटमळले. मग त्यांना राहवलं नाही. "खरं तर त्यांचीही या महिन्यातली तिसरीच वेळ आहे म्हणा. आधी त्या शाळेतल्या बाईंची नेली होती. मग दवाखान्यासमोरून डॉक्टरांची. दोन्ही वेळा मीच चहा पाजून घरी पाठवलं."

रावसाहेब मेथीची पानं निरखू लागले.

उत्तरेश्वरचा चेहरा एकदम उजळला. "मग मॅडम, पंचाहत्तर यांना लागतं का?"

"नाही. ते कलम आधीच्या शिक्षा मोजतं, आधीच्या गाड्या मोजत नाही. यांना शिक्षा झालेली नाही. त्यामुळे यांची प्रत्येक वेळ पहिलीच." मग त्या रावसाहेबांकडे वळल्या. "आपण खुशाल तक्रार करा. हे दहा वर्षं आत जातील. आपण फक्त तारखांना यायचं. आरोपी म्हणूनही आणि साक्षीदार म्हणूनही. शिवाजीनगरच्या कोर्टात पार्किंगची सोय वाईट आहे, पण आपल्याला कुठलीही गाडी चालते."

रावसाहेबांनी थोडा वेळ विचार केला. मग गैरसमज झाल्याचं त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं, उत्तरेश्वरला माफही केलं, आणि मेथी सांभाळत बाहेर पडले. फरहत घड्याळ बघत कोर्टाकडे धावल्या. धुमाळांनी ठिगळाच्या गाडीची किल्ली उत्तरेश्वरच्या हातात ठेवली. "जा. आणि यापुढे सीट बघून बसत जा."

चौकीच्या अंगणात तीन करड्या स्कूटरी उभ्या होत्या. उत्तरेश्वरने ठिगळ हाताने चाचपून पाहिलं, मुक्ताईकडूनही खात्री करून घेतली, आणि मान वर केली. रावसाहेब उरलेल्या दोहोंपैकी एकीवर बसले होते. मेथी त्यांनी पुढे अडकवली, किल्ली फिरवली, पहिल्याच किकला गाडी सुरू झाली आणि ते फाटकाबाहेर पडले. त्यांची स्कूटर मागे तशीच उभी राहिली.

"अवो," मुक्ताई हळूच म्हणाली, "ती तर हवालदाराची..."

"दिसलं मला."

"मग वरडा की!"

"काय वरडू? पोलिसाची गाडी चोरीला गेली, आणि अंगणात कोण उभं हाय?"

त्याने आपली किल्ली मुक्ताईच्या हातात दिली, चौकीत परत गेला आणि धुमाळांच्या अगदी समोरच्या बाकावर, दोन्ही हात दिसतील असे गुडघ्यांवर ठेवून बसला.

धुमाळांनी मान वर केली. "आता काय राहिलं? सोडलं ना तुला? जा की घरी."

"जातो साहेब," उत्तरेश्वर म्हणाला. "तुमची गाडी परत आली की जातो."