मिठाची खबर घेणारे सुंदरराव

सुंदरराव आमच्या घरी आले की थेट बाल्कनीत जातात. नमस्कार परत जाताना करतात.

बाल्कनीच्या गजाला त्यांच्या धातूच्या पट्ट्या टांगलेल्या आहेत. प्रत्येकीवर टोकदार सुईने कोरलेली फुली. तिरुवान्मियूरच्या आमच्या इमारतीत समुद्राकडच्या सगळ्याच घरांत अशा पट्ट्या लोंबतात. खालच्या मजल्यावरच्या मामींच्या मते त्या दृष्ट लागू नये यासाठी आहेत, म्हणून त्या दर शुक्रवारी पट्टीला कुंकू लावतात. सुंदरराव ते पुसत तमिळमध्ये कळवळतात, "मामी, निकाल बिघडतो हो!"

सुंदरराव तंजावरकडचे मराठी. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात ते हलक्या धातूंवर सिरॅमिकचा थर चढवतात. मॅग्नेशियमचा मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलका, पण खारी हवा त्याची भुकटी करते. म्हणून तो द्रावणात बुडवून त्यात जोराची वीज सोडतात. अंगभर ठिणग्या उठतात आणि वरचा थर चिनीमातीसारखा कडक होतो. फुली मुद्दाम ओरखडलेली असते. थर फाटल्यावर खराबी किती पसरते, ते तिथे दिसते. ही माहिती त्यांनी मला लिफ्टमध्ये दिली, आणि एका मुंजीत भटजींनाही देताना मी ऐकले. रोज सकाळी जिन्यात त्यांचा प्रश्न ठरलेला: "मीठ काय म्हणतं?"

कारखान्यात धातू तपासायला खाऱ्या धुक्याची पेटी असताना आमच्या बाल्कन्या कशाला, हे त्यांच्या पत्नीने, कमलाबाईंनी सांगितले. "त्यांचा पेटीवर विश्वास नाही. मला ह्याच समुद्रात जायचंय की."

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कमलाबाई वॉकर घेऊन चालतात. बाजारात मिळणारा वॉकर त्यांच्या मनगटांना जड होतो. संध्याकाळी बाकावर बसून लाटा बघतात. लाटेत उभे राहायचे आहे, पण कुणाच्या आधाराने नाही. "धरून न्यायला मी काय पोर?"

गेल्या रविवारी सुंदररावांनी मॅग्नेशियमचा वॉकर आणला. राखाडी, खुर्चीवरच्या टॉवेलसारखा सहज उचलता येणारा. आम्ही तिघे किनाऱ्यावर गेलो. कमलाबाई एकट्या पुढे झाल्या. लाट आली आणि ओसरली. वॉकरचे चारही पाय वाळूत रुतले. त्यांनी ओढून पाहिला, हलेना.

सुंदररावांनी मिठाचा विचार केला होता. वाळूचा केला नव्हता.

ते धावत गेले. "खाली रुंद चकत्या बसवतो," ते पडेल आवाजात म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊ."

"पुढच्या रविवारी कायला?" कमलाबाईंनी वॉकर सोडला आणि हात पुढे केला. "अहो, लाट येतीय. बेगी धरा की."

त्यांनी धरला. बूट काढायचे राहिले होते. पाणी दोघांच्या घोट्यांवरून गेले. वॉकर सुटून आडवा झाला आणि लाटेबरोबर सरकू लागला. तो उचलायला मलाच जावे लागले.