हिराजी लाट येऊ देत नाही

दोन हजार बावीस साल. मला बहात्तर सरून त्र्याहत्तरावं लागलं होतं, आणि टीव्हीवरच्या एका गोष्टीचा शेवट मला अजून कळला नव्हता. दोष माझा नाही. दोष शेजारच्या हिराजीचा.

हिराजी कोळी आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर माझ्या दारासमोर राहतो. दिवेलागण झाली की त्याच्या घरात एक जुनी जादूची सिरियल लागते. सगळी सिरियल नाही, मुलानं पेनड्राइव्हवर घालून दिलेला तिचा एकच भाग. मगरासुराचा. राजकुमार होडीतून येतो, दर्याचं पाणी घुसळून निघतं, मगरासुर डोकं वर काढतो, किनाऱ्यावरचे कोळी किंचाळत पळतात, मागून माडाएवढी लाट उठते आणि हिराजी टीव्ही बंद करतो. खट. रोज तिथंच.

आमच्या मजल्यावर दारं उघडी असतात, त्यामुळे हा भाग सगळ्यांना पाठ आहे, पण लाटेपर्यंतच. पुढं राजकुमार मेला की मगरासुर, आमच्यात कुणाला ठाऊक नाही. मी चौथीत शाळा सोडली (शाळेनं मला सोडलं, असं आमची ही म्हणते), गिरणीत साचे चालवले, गिरणी बंद पडल्यावर गोरेगावात वॉचमनची काठी धरली, पण "पुढं काय झालं हो?" असं कुणाला विचारायला गेलो नाही. विचारणारा माणूस लहान होतो. मी फक्त माझी खुर्ची दारात जरा तिरकी ठेवायचो.

हिराजी मूळचा मढचा. जन्म होडीत गेला. गुडघे गेले तशी होडी धाकट्या भावाला दिली आणि मुलाच्या, गणेशच्या फ्लॅटवर राहायला आला. शरीर दिंडोशीला आलं, बाकीचा माणूस मढलाच राहिला. सकाळी गॅलरीत येऊन थुंकी लावलेलं बोट वर धरायचा आणि वाऱ्याचा निकाल द्यायचा. त्यावर आमची ही गोधड्या धुवायच्या की नाही ते ठरवायची, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा वारा कधी चुकला नाही. भरतीची वेळ झाली की पॅसेजमध्ये उभा राहून ओरडायचा, "पानी चरलं!" एकदा तिसऱ्या मजल्यावरची नवी भाडेकरीण दोन बादल्या घेऊन नळाकडे धावली. नळ कोरडा. ती हिराजीला जे बोलली ते मी लिहीत नाही.

पण त्याची खरी रंगत टीव्हीपुढं. तो भाग त्यानं इतक्या वेळा पाहिलाय, तरी प्रत्येक वेळी राजकुमाराला नव्यानं शिव्या.

"अरे वल्हं धरतोस का झाडू? परबा, बग, बग याला. वारा एकीकडं, शीड दुसरीकडं आनि याचे केस तिसरीकडं. असा मानूस माझ्या होडीत असता तर बोंबलाबरोबर वाळत घातला असता."

"तुझ्या होडीत राजकुमार कशाला येईल?" मी दारातूनच.

"तू गप रे. गिरनीवाल्यांनी पान्यातलं बोलू नये."

राजकुमारावर एवढा ताव, पण मगरासुर वर आला की हिराजी पाय खुर्चीवर घ्यायचा. आता गंमत अशी की हे शूटिंग झालं मढलाच. तिथले बंगले शूटिंगवाल्यांना भाड्यानं जातात, आणि त्या वर्षी त्यांना अख्खा कोळीवाडा हवा होता, माणसांसकट. मगरासुराची शेपटी टेम्पोतून उतरवली ती खुद्द हिराजीनं. थर्माकोलची. आतला माणूस दर दहा मिनिटांनी चहा मागायचा, हेही तोच सांगतो. तरी पाय वर.

"अरे, तुला माहीत आहे ना आत कोण आहे?"

"माहीत हाय म्हनून काय झालं? दर्यातून वर येतोय ना?"

गिरणीत अशा माणसाला आम्ही हवा खायला बाहेर पाठवायचो.

पळणाऱ्या कोळ्यांत एक बाई पळत नाही, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सगळा किनारा बोंबलत सुटलेला, आणि ही एकटी डोक्यावरची टोपली खाली ठेवते, पदर सारखा करते आणि मगरासुराला हात जोडते. नीट बघितलं तर ती जमनाबाई. हिराजीची बायको. वीसेक वर्षांनी तरुण, पण नाकातली नथ तीच आणि उभं राहण्याची ऐटही तीच.

त्या दिवशी मात्र मी विचारलं. हिराजीला नाही, तिला. जमनाबाई दारात कोलंबी सोलत बसली होती.

"भावजी, ते बोलले मगरासुर आला की पला. सगली पलाली. मी म्हटलं, दर्यातून वर येतो तो देव. देव समोर आला की मानूस पलतो काय? डायरेक्टर ओरडला, कट कट. परत केलं. परत माझे हात जोडलेले. तिसऱ्यांदा तो कपालाला हात लावून बसला. बोलला, राहू द्या, ही बाई ऐकायची नाय."

"मग लाट?"

"ती कॉम्प्युटरची. आमाला कुठं दिसली? हाच घाबरतो." कोलंबीचं डोकं तिनं हिराजीच्या दिशेनं उडवलं. "किती वर्सं सांगते, पुढं बग, पुढं मी परत येते. दुसऱ्या दिवशी परत बोलावलेलं आमाला. हा बोंबलाला गेला होता दर्यात. अंगावर पानी ओतलं, बिर्याणी दिली. पन हा बगेल तर शप्पत."

आतून हिराजी म्हणाला, "तू काय पन सांगशील. मी नाय बगनार."

"मर मग लाटेच्या अलीकडं," जमनाबाई म्हणाली आणि कोलंबी सोलत राहिली.

तिनं मला पुढचं थोडं सांगितलंच होतं, तरी माझं समाधान नव्हतं. ऐकलेलं वेगळं, बघितलेलं वेगळं. मी खुर्ची आणखी तिरकी केली.

त्या साली गणपती गेले आणि जमनाबाईला जिना चढवेना. दुसऱ्या मजल्यावर बसायची, तिसऱ्यावर बसायची, वर शिव्या बंद पडलेल्या लिफ्टला. तपासणी झाली. काळजाची झडप खराब. छाती उघडून बदलावी लागणार, नाहीतर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. हिराजीनं त्या दिवशी वारा बघितला नाही. भरतीही ओरडला नाही. आमच्या हिनं दुसऱ्या दिवशी गोधड्या भिजवल्या त्या पावसात सापडल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. गणेश औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन वरखाली पळत होता, हिराजी भिंतीला चिकटून उभा. नर्स जमनाबाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या साबण लावून काढत होती. डाव्या हातातल्या काढल्या, उजवा हात बघितला, रिकामा.

"आजी, या हातातल्या कुठे ठेवल्यात? नंतर आम्हाला विचारू नका."

"त्या दर्याकडं हायेत," जमनाबाई म्हणाली.

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी मालवणकडचा, समुद्र आमच्याकडेही आहे, पण हे मला नवीन. मग गणेशनं सांगितलं. त्यांच्यात लग्नात नवरी एका हातातल्या बांगड्या दर्याला देते, त्यानं नवऱ्याला सांभाळून परत आणावं म्हणून. तो हात मग जन्मभर रिकामा. मी इतकी वर्षं तिच्या हातची कोलंबी खातोय, हात कधी बघितला नव्हता.

गाडीवर घालून नेताना तिनं मान वळवली. "ए, तोंड सरल कर. पुढं बग."

"बगतो," हिराजी म्हणाला. आवाज असा, की पोपटाचा वाटावा.

बाहेर बाकड्यावर बसून चार तास झाले. माणसं येत होती, जात होती, वडापावचा वास येत होता. हिराजीनं खिशातून मोबाइल काढला. गणेशनं तो भाग त्यातही घालून दिलेला. लावला. राजकुमार आला, वल्हं झाडूसारखं धरून आला, आणि हिराजी एक शब्द बोलला नाही. तेव्हा मला भीती वाटली. खरी.

"घाल की शिव्या," मी म्हटलं.

तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "परबा, तिनं माझ्यासाठी दर्याला बांगड्या दिल्या. मी तीस-पस्तीस वर्सं आत गेलो, वादलात गेलो, रातीचा गेलो. परत आलो. मी तिच्यासाठी काय दिलं? बाईनं नवऱ्यासाठी द्यायचं. नवऱ्यानं बाईसाठी द्यायचा रिवाजच नाय आमच्यात. मग ती लाट तिच्यावर येते तवा मी काय करू? बटन दाबतो. तेवढंच हाय माझ्या हातात."

मी बाकड्यावर त्याच्याकडे जरा सरकलो.

मोबाइलमध्ये मगरासुर वर आला, जमनाबाईनं टोपली खाली ठेवली, लाट उठायला लागली. हिराजीचा अंगठा तयार. तेवढ्यात दार उघडलं आणि आतून आवाज, "जमना कोळींचं कोण आहे?"

हिराजीनं मोबाइल माझ्या हातात कोंबला आणि गुडघे विसरून पळाला.

आता माझा मोबाइल बटणांचा. ही सगळी काच. मी एका जागी दाबलं, आवाज वाढला. दुसरीकडे दाबलं, चित्र मोठं झालं. सगळं बाकडं माझ्याकडे बघायला लागलं आणि लाट यायची थांबेना. आली. हात जोडलेल्या जमनाबाईवरून गेली. नुसतं पाणी राहिलं. इतकी वर्षं मला जे बघायचं होतं ते बघितलं, आणि वाटलं, नसतं बघितलं तर बरं झालं असतं. मी शकुनबिकुन मानत नाही. पण मोबाइल मांडीवर पालथा घातला आणि वरून हात दाबून ठेवला, जसा काही आवाज तेवढ्यानं बुडेल.

दार बंदच. हिराजी आत.

मांडीखालून शंख वाजायला लागला. कुणीतरी राजकुमाराचा जयजयकार करत होतं. शेजारची बाई म्हणाली, "काका, बघत नसाल तर बंद तरी करा."

बंद करता येत असतं तर! पण अडाणी दिसायचं नव्हतं म्हणून म्हटलं, "बघतोय," आणि मोबाइल सुलटा केला. मगरासुर पडला होता. पाणी मागं सरत होतं आणि त्यातून कोळीवाडा एक-एक करून बाहेर येत होता. सगळ्यांत पुढं जमनाबाई. केस ओले, टोपली कमरेवर, आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं बजावलेलं असणार, तरी सरळ कॅमेऱ्यात बघून हसत होती.

मी वर बघितलं तर हिराजी समोर उभा. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय बोलले?"

तो बसला. "झडप बसली." मग गुडघे चोळत, "डॉक्टर हसला, परबा. वाईट असतं तर हसला नसता ना?"

"नसता," मी म्हटलं. डॉक्टरांचं मला काही माहीत नाही, पण ठणकावून म्हटलं. छातीत फिरणारा गिरणीचा पट्टा कुणी थांबवावा तसं मलाच हलकं वाटलं. मग मोबाइल त्याच्यापुढं धरला. "हे बघ. पुढं बघ."

"नको रे."

"बघ म्हणतो ना. मी सांगतोय."

त्यानं बघितलं. गणेशला बोलावून पुन्हा लावायला लावलं, पुन्हा बघितलं. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. आणि मग नाक ओढून म्हणाला, "ओल्या केसांनी उभी हाय बग, गार वाऱ्यात. आनि टोपली कशी धरलीय. अशी धरतात टोपली? सगली मासली पडनार."

तेव्हा कळलं, माणूस जाग्यावर आला. बाकड्यावरची बाई हसली. मी पण हसलो, पण थोडंच.

संध्याकाळी काचेतून जमनाबाईला बघायला दिलं. नळ्यांमध्ये ती एवढीशी दिसत होती. डोळे उघडून तिनं सुया टोचलेल्या हाताचं बोट हलवलं. हिराजी काचेला तोंड लावून म्हणाला, "बगितलं गं. पुढचं बगितलं." तिला ऐकू गेलं नसणार. पण बोट परत हललं.

तो काही तिथून हलणार नव्हता. मी घरी आलो. जेवलो, आणि बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. आमची ही म्हणाली, "खंय चाललास?" मी म्हटलं, कामाला. रिक्षानं वर्सोव्याला गेलो, तिथून फेरीबोटीनं मढला. नारळ घेतला. धक्क्यावर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्यानं मला खालून वर बघितलं.

"पुनव नाय, काय नाय. नारल कोनाचा?"

"हिराजी कोळ्याचा. बायकोसाठी."

"बायकोसाठी?" त्यानं सुई थांबवली. "तसा रिवाज नाय आमच्यात."

"आता आहे," मी म्हटलं, आणि नारळ पाण्यात सोडला.